मागच्या काचेला दोन भोकं

वन्सं : आधी ते भोकं पाडायचं यंत्र खाली ठेव. हातात धरून माझ्याशी बोलू नकोस, मला धडकी भरते.

वहिनी : ठेवलं, ठेवलं. कमाल आहे वन्सं तुमची. सगळा जन्म लोकांच्या तोंडात हेच घालत आलात, आणि तुम्हालाच धडकी?

वन्सं : ते पेन्सिलीएवढं असायचं. हे म्हणजे तोफ आहे. शिवाय दातवाला माणूस आधी ओरडतो. काच ओरडत नाही, एकदम फुटते.

वहिनी : शुभ बोला हो! टबात तुमचे वडील बसलेत, त्यांना ऐकू जाईल.

वन्सं : कोण बसलंय?

वहिनी : मामंजी. असे रागाने बघू नका. मामंजींनीच आणला होता ना तो मासा, शेवटच्या वर्षी, पिशवीत घालून? तेव्हा माझ्या करंगळीएवढा होता. आता बघा, टबात वळायला जागा पुरत नाही. आणि तोंड बघा त्याचं. खालचा ओठ पुढे, भुवया चढलेल्या. चहात साखर कमी पडली की मामंजी अगदी अस्सेच बघायचे.

वन्सं : माझ्या वडिलांचं नाव माशाला ठेवलंस तू?

वहिनी : नाव नाही हो, मान दिला. रोज सकाळी पहिला घास त्यांना घालते. तुमच्या भावाला विचारा, त्याला कधी पहिला घास मिळाला नाही.

वन्सं : ...दिसतो मात्र बाबांसारखाच. अगदी डिट्टो.

वहिनी : बघा! म्हटलं नव्हतं मी?

वन्सं : बरं, ते राहू दे. मला नीट सांग, ही भोकं पाडायचीच कशाला? तुझा नवरा फोनवर नुसता आरडाओरडा करत होता. पूर आला म्हणे.

वहिनी : पूरच तो. माशाची टाकी वर, आणि कपाटात खाली पाणी गाळायची दुसरी छोटी टाकी, बरोबर? वरचं पाणी खाली यायचं, गाळून स्वच्छ व्हायचं, पंप ते परत वर ढकलायचा. आता वरचं पाणी खाली आणायला माझ्याकडे होती एक वाकडी नळी, काठावरून लटकवलेली. त्या नळीत हवा शिरली की धार तुटते. त्या दिवशी वीज गेली, नळीत हवा शिरली. वीज परत आली, पंप इमानदारीत पाणी वर चढवायला लागला. खाली यायची वाट बंद. मी शिवणाच्या ऑर्डरी द्यायला बाहेर. आले तर घरभर पाणी, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून थेट त्यांच्या पलंगावर अभिषेक.

वन्सं : अरे देवा.

वहिनी : काकू काही बोलल्या नाहीत. नुसती ओली उशी घेऊन वर आल्या आणि माझ्या दारात उभ्या राहिल्या. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर परवडलं असतं. त्यावर तुमच्या भावाने हुकूम सोडला. एकतर टाकीच्या काचेलाच भोक पाडून पाण्याला कायमची वाट करून दे, नाहीतर मामंजी माशांच्या दुकानात. दुकानदाराला सांगूनही आला. उद्या दुपारी येतोय तो.

वन्सं : मग भोकं पाडलेली नवी टाकी का नाही घेत?

वहिनी : आणू कुठून? आमचा जिना चढून आलात ना तुम्ही? ही टाकी ह्याच खोलीत बसून चिकटवलेली आहे. काचा सुट्या आणल्या होत्या, उभ्या धरून, वळणावर श्वास रोखून. जोडल्यावर ती ह्या दारातून ना आत येणार, ना बाहेर जाणार. घरातल्या सुनेसारखं झालंय तिचं.

वन्सं : आणि दुकानवाले?

वहिनी : तिघांना विचारलं. जुनी काच म्हटल्यावर तिघांनीही हात वर केले. फुटली तर नाव आमचं, म्हणाले. मग मला तुम्ही आठवलात. म्हटलं घरात एक माणूस आहे, ज्याने तीस वर्षं नाजूक जागी भोकं पाडली आणि एकदाही काही फुटलं नाही.

वन्सं : होता तसा माणूस. आता नाही. मनगट मोडल्यापासून अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला काही कळत नाही माझ्या. गरम चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने उचलते. उगीच दवाखाना बंद केला का मी?

वहिनी : ठाऊक आहे मला. तुम्हाला हात लावायचा नाही. तुम्ही फक्त सांगायचं, मी पाडीन. माझे हात शिवणयंत्रावर घट्ट झालेत.

वन्सं : सांगेन. फक्त सांगेन, हां.

वहिनी : फक्त सांगा.

भाऊ : अगं, दार का लावलंय आतून? सुरू झालं का तुमचं?

वहिनी : नाही झालं! आणि तुम्हाला बघवणार नाही म्हणून तुम्हीच बाहेर जाऊन बसलात, आम्ही नाही काढलं. बसा तिथेच जिन्यात.

भाऊ : ताई, बाई गं, काच डोळ्यात उडेल. डोळे झाक.

वन्सं : डोळे झाकून भोक कसं पाडू रे टिल्लू?

वहिनी : बघितलंत? एवढा बाप्या, भरलेली बस घाटातून उतरवतो, आणि हे असं.

वन्सं : बरं. कुठे पाडायचं ठरवलंयस?

वहिनी : तळाला. पाईप सरळ खाली कपाटात उतरेल. त्यासाठी टाकी पूर्ण उलटी करायची होती. सकाळी ह्यांचे डेपोतले चौघं मित्र आले, गाद्यांवर टाकी आडवी केली आणि पळाले, ड्युटीची वेळ झाली म्हणे. पुढची काच खाली गेली, मागची वर आली, तळ राहिला असा बाजूला, उभा. आता आपण दोघी ती उलटवू शकणार नाही. आडव्या यंत्रानेच तळाला पाडूया.

वन्सं : थांब. कुठलीही काच अशी पाडता येत नाही. काही काचा भट्टीत तापवून एकदम गार केलेल्या असतात. मजबुतीसाठी. तशी असली तर यंत्राचं टोक टेकलं की संपलं.

वहिनी : तडा जातो?

वन्सं : तडा नाही. भुगा. सगळ्या काचेची साखर होते.

वहिनी : आणि हे दिसतं कसं? काच ती काच. माझ्याकडे बघतेय तशी.

वन्सं : दिसतं. टिल्लूचा गॉगल कुठाय? उन्हात बस चालवताना घालतो तो, रस्त्यावरची चकाकी मारणारा?

वहिनी : खुंटीवर. का हो?

वन्सं : आण. आणि तुझ्या लेकीचा जुना लॅपटॉप आहे ना, तो चालू कर. पडदा पांढराफटक कर. हं. आता टाकीत आत सरकव, मागच्या काचेच्या खाली, पडदा वर करून. लाव गॉगल.

वहिनी : लावला. डेपो मॅनेजरसारखी दिसतेय का मी?

वन्सं : मान तिरकी कर. आणखी. पडदा काळा दिसेपर्यंत.

वहिनी : अगं बाई! विझला पडदा!

वन्सं : विझला नाही. गॉगलने अडवला उजेड. आता नीट बघ, मधल्या काचेत काही दिसतं? डाग, पट्टे, ठिपके?

वहिनी : नाही. सगळं काळं. एकसारखं. अमावास्येच्या आभाळासारखं.

वन्सं : छान. मागची काच साधी आहे. आता लॅपटॉप उभा कर, पडदा तळाकडे. तू इकडून, बाहेरून बघ. तशीच मान.

वहिनी : वन्सं, हे काय आहे? हे... सगळीकडे उजेडाचे पट्टे आलेत हो. काळ्यावर पांढरे, कडेला निळसर, पिवळे. वाघाच्या कातड्यासारखे. मान हलवली की तेही हलतात. काचेत काही नाहीये, मी रोज पुसते ही काच. कुठून आलं हे?

वन्सं : दे मला. ...हं. तापवलेली आहे. कारागिराने तळाला जाड, मजबूत म्हणून घातली असणार.

वहिनी : पण दिसतंय काय आपल्याला?

वन्सं : ताण. काच गार होताना बाहेरची बाजू आधी घट्ट झाली आणि आतली मागून आक्रसली, ती ओढाताण आत अडकून बसलीय. आम्ही कॉलेजात प्लॅस्टिकचे दात करून त्यांच्यावर वजन ठेवायचो आणि असंच बघायचो. दातावर नुसता घास आला तरी आत असे रंग फिरतात. मी पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी जेवले नव्हते.

वहिनी : म्हणजे मामंजी इतकी वर्षं ह्या ओढाताणीवर पोहत होते? आणि वरून काच किती शांत! वन्सं, अशी माणसं माहीत आहेत मला. हसतमुख. एक टोचणी लागली की भुगा.

वन्सं : आपण तळालाच पाडायला निघालो होतो, वहिनी.

वहिनी : आणि ते चौघं टाकी अर्धीच वळवून पळाले म्हणून... सकाळी किती बोलले मी त्यांना त्यांच्या माघारी! अंगावर काटा आला बघा माझ्या. हात लावून बघा.

वन्सं : माझ्याही आला. मागच्या काचेला पाडायचं, वरच्या अंगाला. पाईप मागून उतरेल. दोन पाड, एक तुंबलं तर दुसरं.

भाऊ : माझा गॉगल दिसत नाहीये कुठे! तुम्ही घेतलात का?

वहिनी : घेतलाय! त्यातून आज देव दिसला, आता तो तुम्हाला परत मिळणार नाही!

भाऊ : काय दिसला?

वन्सं : टिल्लू, गप बस. वहिनी, मुलांची खेळायची माती आणलीस ना सांगितली ती? तिची गोल पाळ कर. विहिरीला कठडा असतो तशी. त्यात पाणी घाल. पाणी संपलं नाही पाहिजे. काच तापली की गेली.

वहिनी : झाली पाळ. खालून चिकटपट्टी लावलीय, आडवी-उभी. तुकडा खाली पडून पुढच्या काचेवर आदळू नये म्हणून.

वन्सं : शहाणी आहेस. आता यंत्राच्या त्या वाटीसारख्या पोकळ पात्याची कड बघ. दात नाहीत त्याला.

वहिनी : हो की. नुसती खरखर आहे. वाळू चिकटवल्यासारखी.

वन्सं : हिरा आहे तो. हिऱ्याची पूड. हे कापत नाही, झिजवतं. म्हणून जोर लावायचा नाही. यंत्राचं वजन पुरे. तू फक्त त्याला धरून ठेवायचं, पोराचं बोट धरून चालवतो तसं. ती भोक पाडलेली फळी काचेवर ठेव, तिच्या भोकात पातं बसव, म्हणजे सुरुवातीला घसरणार नाही. हळू सुरू कर.

वहिनी : करते. जय...

वन्सं : कोणाचं नाव घेऊ नकोस, फुटलं तर त्यांच्यावर जाईल. कर.

वहिनी : आई आई आई! किती किंचाळतेय ही!

वन्सं : दाबू नकोस! दाबलंस की दुखतं!

वहिनी : काचेला?

वन्सं : दाताला. म्हणजे काचेला. सवयीने बोलले. हलकं धर. आणखी हलकं. अस्सं. आता ऐक, किंचाळी गेली की नाही?

वहिनी : गेली. आता नुसती कुरकुर. जात्यासारखी. वन्सं, पाणी पांढरं झालं. दुधासारखं!

वन्सं : ती काच आहे. काचेचं पीठ.

वहिनी : काच पांढरी असते? बारीक केली की दूध होते ती? इतकी वर्षं आरपार दिसत होती आणि आत हे होतं?

वन्सं : बोलू नकोस, ताजं पाणी घाल. थांब, मी घालते. चालू दे. ...फळी काढ आता, खाच पडलीय, ती धरून ठेवेल. हं. छान चाललंय.

वहिनी : कुठवर आलं?

वन्सं : अर्ध्याच्या पुढे.

वहिनी : वन्सं.

वन्सं : काय?

वहिनी : माझे हात. आता चुकणार.

वन्सं : थांबव. बोट काढ बटणावरून. आता यंत्र सरळ वर उचल. तिरकं नको. हां.

वहिनी : मला नाही जमणार पुढचं. आतापर्यंत कळत नव्हतं म्हणून जमलं. आता मला कळलंय की खाली थोडीच उरलीय. पुरा कोट शिवून झाल्यावर शेवटच्या काजाला कात्री लावताना होतं तसं होतंय. तिथेच हात चुकतो.

वन्सं : थोडं बस. पाणी पी. मग कर.

वहिनी : नाही वन्सं. खोटं नाही सांगत. मी आता हात लावला तर फोडीन.

वन्सं : मग टिल्लूला बोलव.

वहिनी : ह्यांना? ह्यांना बाहेर बसून घाम फुटलाय.

वन्सं : अगं पण मला कळत नाही बोटांना! मी काय सांगितलं तुला आल्या आल्या? फक्त सांगेन म्हटलं होतं. शेवटचा पापुद्रा उरतो तेव्हा बोटालाच कळतं, पातं सैल व्हायला लागतं ते. दातातही तसंच. खाली नस असते, तिथे थांबायचं असतं. मला ते बोटांनी कळायचं. आता काय सांगणार मला?

वहिनी : मघाशी किंचाळी गेली म्हणालात, ते बोटांनी कळलं का तुम्हाला? यंत्र तर माझ्या हातात होतं.

वन्सं : म्हणजे मीच यंत्र धरावं म्हणून हे नाटक?

वहिनी : मी काही मुद्दाम नाही केलं हो. देवाशपथ. खरंच पाडणार होते मी.

वन्सं : माहीत आहे. तुझा चेहरा पांढरा पडलाय. ...आण इकडे. डाव्या हाताने खालून धरते, उजव्याने नुसती दिशा. तू पाणी घाल. बारीक धार. बोलायचं नाही.

वहिनी : नाही बोलत.

वन्सं : श्वाससुद्धा हळू.

वहिनी : हळू घेते.

भाऊ : झालं का गं?

वन्सं : तू पण!

भाऊ : बरं, बरं.

वन्सं : ...हं. चल. ...अशी. ...कुठेयस तू... अजून जाड आहेस. अजून. ...वहिनी, ऐकतेस? स्वर चढतोय.

वहिनी : मला तर तसाच वाटतोय.

वन्सं : चढतोय. पेला भरत आला की नळाखाली आवाज चढतो, तसा. काच पातळ झाली की तिचा गळा बारीक होतो. ...दातही गातो असा. म्हणजे मी इतकी वर्षं... बोटांनी नव्हतेच ऐकत मी. ...आता. आता हलकं. उचलूनच धरते. नुसता पात्याचा स्पर्श. ...थांब.

वहिनी : काय झालं? वन्सं, आवाज बंद का झाला? फुटली?

वन्सं : यंत्र थांबवलं मी. पाणी बघ.

वहिनी : पाणी... पाणी कमी होतंय. पाळीतलं पाणी खाली चाललंय! वन्सं! खाली चाललंय हो!

वन्सं : झालं भोक.

वहिनी : झालं?

वन्सं : झालं. खालून हात घाल, चिकटपट्टी हळूच सोडव. तुकडा तिच्यावरच असेल.

वहिनी : आला. अगं बाई. बघा हो. रुपयासारखा! नाही, रुपयापेक्षा मोठा. किती जड आहे. कड बघा, धुक्यासारखी, आणि मध्ये लख्ख. ह्यातून तुम्ही दिसताय मला. हिरव्या दिसताय थोड्या.

वन्सं : तडा बघ. भोकाच्या कडेला बोट फिरव. हळू, कापेल.

वहिनी : नाही तडा. एक बारीक टवका आहे, तांदळाच्या कणीएवढा. बास. वन्सं, बोट आरपार जातंय माझं. काचेतून बोट आरपार जातंय! रोज जी काच बाहेरून पुसली, मामंजी आतून जिला नाक लावायचे... मी माझं बोट त्यांच्या घरात घातलंय.

वन्सं : बघू. मी पण घालते.

वहिनी : घाला ना. ...डोळे पुसा, वन्सं.

वन्सं : काचेचं पीठ उडालंय.

वहिनी : हो, ओलं पीठ उडतं कधीकधी.

वन्सं : फाजीलपणा पुरे. पाळ उचल. दुसरं पाडायचंय.

वहिनी : कोण पाडणार?

वन्सं : कोण म्हणजे? पाणी आण.

(दुसऱ्या दिवशीची दुपार. डेपोतल्या चौघांनी टाकी पुन्हा जागेवर उभी केली आहे; भोकांना पाईप बसवलेत, आतून कंगव्यासारखी दातेरी कड असलेली पेटी. टाकी जवळजवळ भरली आहे. तिघं समोर.)

भाऊ : ही पेटी कशाला पण? भोकं आहेत ना, पाणी जाईल की.

वहिनी : अहो, नुसती भोकं ठेवली तर मामंजींची शेपटी त्यांत ओढली जाईल आणि पाणी भोकापर्यंत रिकामं होईल. पेटीला कड आहे. पाणी त्या कडेपर्यंत चढणार, वरून ओसंडून पेटीत पडणार, पेटीतून भोकात, भोकातून खाली. तळाकडचं पाणी हलणार नाही. फक्त वरची साय निघत राहील.

भाऊ : आणि वीज गेली की?

वहिनी : आता तेच बघायचंय. पंप चालू आहे. गप्प बघा.

वन्सं : किती उरलंय?

वहिनी : दोन बोटं. एक. ...आलं. दातांना लागलं.

वन्सं : अजून पडत नाहीये.

भाऊ : तुंबलं का?

वन्सं : नाही रे. बघ, कडेच्या वर आलंय तरी पडत नाहीये. फुगलंय. कडेवर उभं आहे. जणू आतून कोणी धरलंय.

वहिनी : पड ना बाई. पड.

वन्सं : गेलं!

वहिनी : गेलं! सगळ्या दातांमधून एकदम! आवाजही नाही हो. एवढं पाणी चाललंय आणि आवाज नाही.

भाऊ : हे चाललंय? मला तर काच वाटतेय. हलत नाहीये.

वन्सं : बोट लाव.

भाऊ : ...अरे! पाणी आहे! ताई, हे वाहतंय! दिसायला तर स्थिर आहे!

वहिनी : आता पंपाचा खटका बंद करा.

भाऊ : नको गं.

वहिनी : करा म्हणते ना. वीज गेली असं समजा.

भाऊ : खालच्या काकू झोपल्यात आत्ता.

वन्सं : टिल्लू, कर.

भाऊ : केला. ...अजून पडतंय. अजून पडतंय! खालची टाकी भरतेय, मी फडकं आणू का? बादली आणू?

वहिनी : जागचे हलू नका.

भाऊ : भरतेय, भरतेय... थांबलं.

वन्सं : थांबलं.

भाऊ : बरोबर दातांपाशी. थेंबभर पुढे नाही. वरची टाकी भरलेली ती भरलेलीच. आणि खालीही वर बोटभर जागा आहे. कोणी थांबवलं?

वहिनी : कोणी नाही. कडेखाली पाणी गेलं की त्याला वाटच नाही. लावा परत.

भाऊ : लावला. ...फुगतंय. मघासारखंच. ...चाललं! आपोआप चाललं! हात लावला नाही कोणी. हे असं रोज होणार? आपण घरी नसताना सुद्धा?

वहिनी : आपण घरी नसताना सुद्धा.

वन्सं : दुकानदार यायचा होता ना रे आज दुपारी?

भाऊ : सकाळीच फोन केला त्याला. म्हटलं, घरातल्या वडीलधाऱ्यांना असं बाहेर काढत नाहीत. त्याला काही कळलं नाही बिचाऱ्याला.

वहिनी : खरंच असं म्हणालात?

भाऊ : मग काय खोटं? चला, तो टब इकडे ओढतो मी. कोणी सोडायचं ह्यांना?

वहिनी : वन्संनी. त्यांचे वडील आहेत.

वन्सं : मी? निसटेल माझ्या हातातून. धड कळत नाही मला त्या बोटांना.

वहिनी : जाळीत घ्या आणि जाळी पाण्यात धरा. निसटला तर पाण्यातच निसटेल.

वन्सं : ...केवढा जड आहे. शेपटी मारतोय. थांबा बाबा, थांबा, पोचलं तुमचं घर. ...हं. जा.

भाऊ : हलत नाहीये.

वहिनी : अंदाज घेतोय. बघू द्या त्याला.

वन्सं : डोळा फिरवला. वर बघतोय. पाणी कुठे चाललंय ते बघतोय.

वहिनी : निघाला. कडेकडे निघाला. आता दातांपाशी थांबेल. ...थांबला. अहो, ओढीत उभा आहे बघा. पंख नुसते हलवतोय आणि तिथल्या तिथे. ह्याच्या अंगावर हा तांबूस रंग होता कधी?

भाऊ : मी तर काळाच समजत होतो.

वन्सं : मीही. वरची साय निघून चाललीय ना, उजेड आत पोचतोय आता.

भाऊ : ताई... डोळ्याभोवती सोनेरी कडं आहे त्याच्या.

वन्सं : अरे, कुजबुजतोस काय असा?

भाऊ : तू तरी कुठे मोठ्याने बोलतेस?

वहिनी : श्श. दोघंही.